हिंदू मावशी

"तुमचं गाव कुठलं?" हे एकच मराठी वाक्य मावशींना पहिल्या दिवशी येत होतं. ते त्यांनी असं घोटून पाठ केलं होतं की फोनवर ऐकलं असतं तर बाई रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर उभ्या आहेत असं वाटलं असतं. प्रत्यक्षात त्या अमेरिकेत, पिस्कॅटवे गावच्या लायब्ररीच्या तळमजल्यावर, आमच्या शनिवारच्या मराठी शाळेच्या दारात उभ्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. रंग काळा, केस पांढरे आणि अगदी बारीक कापलेले, अंगात जांभळा कोट, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून उजवा कान पुढे करून त्या उत्तराची वाट बघत थांबल्या.

"पुणं," मी म्हणालो.

"ते शहर झालं. मी गाव विचारलं." आता त्या इंग्रजीवर आल्या होत्या, त्यांचं पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतलंच आहे, मी मराठीत लिहितोय. "तुमचे लोक मूळचे कुठले?"

"पुण्याचेच."

"मोठ्यानं सांगा, सर. हा कान कामाचा नाही."

"पुणं," मी मोठ्यानं म्हणालो. आमचं गाव पुणं नाही. वडील शिकायला पुण्यात आले, त्याआधी आम्ही कोकणातले, राजापूरच्या खाली खाडीकाठच्या एका लहानशा गावचे. पण पुण्यात वाढलेला माणूस पुणंच सांगतो. त्या दिवशी ते नुसत्या सवयीनं तोंडून गेलं. पुढे मी तेच उत्तर जाणूनबुजून दिलं.

मला गोष्ट रंगवायची नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो. त्या माझ्या आत्या होत्या. माझ्या वडिलांची चुलत बहीण. हे मला त्या दारात आल्यानंतर काही महिन्यांनी कळलं, आणि कळल्यावर मी ते दडपलं. त्यांना माझ्याकडून फक्त एका गावाचं नाव हवं होतं. ते मी दिलं नाही, आणि त्या गेल्या.

पाकिटातला कागद म्हणजे १९३०च्या जनगणनेचं एक पान होतं. जवळच्याच पर्थ अँबॉय गावातली एक गल्ली, घराचा नंबर आणि त्या घरातली माणसं. कुटुंबप्रमुख: डॉम विष्णू, कौलांच्या भट्टीत कामगार. जन्म: इंडिया. मातृभाषा: मराठी. वंश: हिंदू. खाली बायको, वंश: निग्रो. खाली सहा वर्षांचा मुलगा, तोही निग्रो. हा मुलगा म्हणजे मावशींचे वडील, आणि जहाजावरून पळून इथे राहिलेले डॉम हे मावशींचे आजोबा. इंडियातून आलेल्या कुणाच्याही पुढे, तो कुठल्याही धर्माचा असो, तेव्हाचे कारकून 'हिंदू' लिहून मोकळे व्हायचे. पाकिटात मागच्या बाजूला १९४०चं पानही होतं. तेच घर, तीच बायको, तोच डॉम. वंश: निग्रो.

"दहा वर्षांत माझ्या आजोबांचा वंश बदलला," मावशी सांगायच्या. "घर बदललं नाही, बायको बदलली नाही. फक्त कारकून बदलला."

मातृभाषेच्या रकान्यातल्या त्या एका शब्दावरून त्या आमच्या शाळेत आल्या. शाळेच्या नियमांत पालकांनी वर्गात बसू नये असं लिहिलेलं होतं. विद्यार्थ्यांच्या वयाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं आणि सात वर्षांच्या मुलांच्या ओळीत, घरून आणलेली उशी खुर्चीवर टाकून बसल्या. दर शनिवारी टोक केलेल्या चार पेन्सिली. गृहपाठ कधी चुकला नाही. मला 'सर' म्हणायच्या आणि मी वर्गात शिरलो की मुलांबरोबर उभ्या राहायच्या. गुडघे दुखायचे, तरी राहायच्या. मी 'बसा' म्हणायचो. माझी आत्या मला बघून उभी राहायची आणि मी तिला बसा म्हणायचो.

एकदा मी 'माझे कुटुंब' यावर पाच ओळी लिहायला दिल्या. मुलांनी लिहिलं, माझ्या कुटुंबात चार माणसे आहेत, माझ्या कुटुंबात पाच माणसे आणि एक कुत्रा आहे. मावशींनी लिहिलं, "माझ्या कुटुंबात किती माणसे आहेत ते मला माहीत नाही. शोध चालू आहे." मी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले, सगळ्यांत जास्त त्या हसल्या.

त्यांनीच मग मुलांना जनगणनेचा खेळ शिकवला. प्रत्येकानं कारकून व्हायचं, दार वाजवल्यासारखं करायचं, आणि समोरच्याला रकाने विचारून लिहून घ्यायचं. "दाराशी येऊन जो नीट विचारतो त्याला खरं सांगायचं," त्या मुलांना म्हणाल्या. "माझी आजी सांगायची. तिनं त्या कारकुनाला सगळं खरं सांगितलं, म्हणून आज मला आजोबा सापडले." अर्णव नावाचा एक दात पडलेला मुलगा त्यांचा कारकून झाला. नाव लिहिलं, वय लिहिलं, पुढच्या रकान्यापाशी अडला.

"तुमची रेस काय?"

"तूच बघ आणि लिही," मावशी म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि लिहिलं: मावशी. हे नाव त्या दिवसापासून पडलं. 'हिंदू' हे शाळेतल्या मुलांच्या पालकांनी पुढे लावलं, वर्गाबाहेर, त्यांच्या माघारी. त्या पानावरचा रकाना कुणीतरी वाचला होता.

"हिंदू मावशी आल्या का रे?" "हळदीकुंकवाला बोलवायचं का त्यांना?" "बोलव ना यार, डायव्हर्सिटीचा फोटो होईल." "जहाजावरून पळालेला म्हणजे आपल्यातला नसणार, कुणीतरी सांगा बाईंना." हे सगळं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लिहिणारे वाईट नव्हते. बर्फात कुणाची गाडी अडकली की फावडं घेऊन धावणारी माणसं. मी त्या ग्रुपवर कधी काही लिहिलं नाही. हसरे चेहरे मात्र टाकले. आता वर जाऊन बघितलं तर ते तिथे तसेच आहेत.

मावशींना सकाळी सोडायला त्यांची मुलगी यायची. रोंडा. शाळेची बस चालवायची, आणि माणसाला आरशातून बघावं तशी तिरपी बघायची. ती आत कधी आली नाही. एकदा पार्किंगमध्ये काच खाली करून मला म्हणाली, "माझ्या आईला तुम्ही लोक गाणी शिकवता, लाडू देता. कुणी तिच्यासाठी भारतात घरी एक फोन करून विचारलं का, अमुक माणूस कुणाचा होता म्हणून?" मी म्हणालो, प्रयत्न करतो. ती म्हणाली, "हो, करा," आणि काच वर घेतली.

मला फोन करायची गरज नव्हती. एव्हाना मनात पाल चुकचुकली होती, आणि ती मावशींनीच सांगितलेल्या एका आठवणीनं. त्या नऊ वर्षांच्या असताना आजोबा गेले. त्यांचं बोलणं वगैरे काही आठवत नव्हतं, एक गोष्ट सोडून. वर्षातून एकदा, उन्हाळा संपता संपता, ते आजीला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचे, स्वतः भात करायचे, मागच्या शेडच्या छपरावर ठेवायचे आणि कावळ्याची वाट बघत उभे राहायचे. कावळा भाताला शिवेपर्यंत जेवायचे नाहीत. एका वर्षी दुपार उलटली तरी कावळा येईना, तर म्हातारा कौलांच्या भट्टीतले कपडे घालून अंगणात हात जोडून काहीतरी पुटपुटत होता. "शेजारी म्हणायचे, डॉमचं डोकं फिरलंय," मावशी म्हणाल्या. "सर, तुम्हाला काही अर्थ लागतो?"

मी त्यांना पितृपक्षाबद्दल सांगितलं. एखादा मास्तर सांगेल तसं, फळ्याकडे तोंड करून. त्यांनी वहीत लिहून घेतलं. जे सांगितलं नाही ते असं, की म्हातारपणी पुण्यात आमच्याकडे राहायला आलेले माझे आजोबा दर वर्षी आपल्या बेपत्ता बापासाठी अगदी असंच गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहायचे. त्या बापाचं नाव दामोदर, आणि त्याच्या बापाचं नाव विष्णू. दामोदर आणि विष्णू कोकणात दर घराआड सापडतात, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यावर माझं भागलं.

मग जूनमध्ये माझ्या मुलीनं, ईशानं, मला फादर्स डेला लाळेची चाचणी भेट दिली. सतरा वर्षांच्या मुलीला बापाबद्दल काही सुचेनासं झालं की ती अशा भेटी देते. नळीत थुंकलो, डबी पोस्टात टाकली, विसरलो. निकाल आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होतो. नातेवाइकांच्या यादीत सगळ्यांत वर जांभळ्या कोटातला फोटो होता. जवळचं नातं, वडिलांच्या बाजूनं. माझ्या जागी नुसती आद्याक्षरं होती, फोटो नव्हता, त्यामुळे त्यांना मी कोण ते कळायची सोय नव्हती. तरी निरोप येऊन पडला होता. देवनागरीत, मीच शिकवलेल्या अक्षरांत: तुमचं गाव कुठलं?

सेटिंग्जमध्ये एक बटण असतं. नातेवाइकांना तुम्ही दिसावं का? मी 'नाही' केलं आणि डबा संपवला. कोबीची भाजी होती.

त्या शनिवारी मावशी लवकर आल्या. "सर, तो आला होता," त्या म्हणाल्या. "माझा माणूस. एक दिवस होता. मी लिहिलं, आणि गेला."

"टेक्निकल ग्लिच असेल," मी म्हणालो.

"असं होतं?"

"होतं कधीकधी."

"तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला कळतं." त्यांनी उशी खुर्चीवर नीट केली. "मला वाटलं घाबरला असेल. आमच्या घराण्याला निघून जायची सवय आहे ना."

मी का सांगितलं नाही, याची मी स्वतःला बरीच वर्षं पुरतील इतकी कारणं दिली होती. त्यातलं जे खरं आहे ते आधी लिहितो. त्या गोऱ्या असत्या, कनेटिकटमधल्या कुणी निळ्या डोळ्यांच्या आजीबाई असत्या, तर मी त्यांना गणपतीला घरी बोलावलं असतं, नऊवारी नेसवली असती आणि फोटो पुण्याला पाठवला असता. आमची ही अमेरिकन आत्या, म्हणून. मला हे माहीत आहे. बटण दाबताना मला पहिला विचार आईच्या चेहऱ्याचा आणि दुसरा त्या व्हॉट्सॲप ग्रुपचा आला. चोवीस वर्षं मी या देशात आहे. ऑफिसात वंशभेदावरचं प्रशिक्षण दर वर्षी पूर्ण करतो, शंभरपैकी शंभर मिळतात.

दुसरं कारण जुनं आहे आणि त्याचा मला अजून संताप येतो. आमच्या कुळाचा कुलवृत्तांत आहे, जाडजूड, हिरव्या कापडी बांधणीचा. त्यात पणजोबांच्या नावापुढे लिहिलंय: 'तीर्थयात्रेस गेले, परतले नाहीत.' बायकोचं नाव रमाबाई, बाकी तिच्याबद्दल एक अक्षर नाही. पणजोबा गेले तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती, कडेवर मूल. बारा वर्षं पत्ता लागला नाही म्हणून तिच्या सासऱ्यानं पळसाच्या पानांचा पुतळा करून तो मुलाच्या नावानं जाळला, घरानं सुतक धरलं, आणि न्हाव्याला बोलावून रमाबाईचे केस काढले. हे रीतीप्रमाणे झालं. फक्त त्याच्या आधी पत्र आलं होतं.

हे माझ्या वडिलांना खुद्द तिनंच सांगितलं होतं, म्हातारपणी. तिला वाचता येत नव्हतं. सासऱ्यानं पत्र वाचलं, चुलीत घातलं आणि म्हणाला, समुद्र ओलांडला तो मेला. पण पाकीट तिनं बघितलं होतं. "तिकिटावर आपला राजा नव्हता," ती म्हणाली होती. "दुसराच कुणी होता, कानांवर पांढरे केस असलेला." म्हणजे नवरा कुठेतरी आहे, एवढं तिला ठाऊक होतं. ते मनात ठेवून ती न्हाव्यापुढे बसली. पुढची चाळीस वर्षं लाल आलवणात वावरली, आणि दर वर्षी जिवंत नवऱ्याच्या पिंडासाठी भात शिजवला.

मला त्या सासऱ्याचा राग येतो. दामोदराचाही येतो, तो काही मोठा बंडखोर नव्हता. तो इथे पर्थ अँबॉयच्या छपरावर बापासाठी भात ठेवून उभा राहायचा आणि तिकडे त्याचा मुलगा त्याच्यासाठी उभा राहायचा. कावळ्यासाठी त्याला वेळ होता. बायकोला दुसरं पत्र टाकायला नव्हता.

बटण दाबल्यानंतर महिन्याभरानं मी पुण्यात काकांना फोन केला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून कुळाचं सगळं तेच बघतात. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती, आणि अमेरिकेतल्या घरांची माहिती गोळा करून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

"काका, दामोदरपंतांची नोंद तशीच राहणार आहे?"

"तशीच म्हणजे? जे आहे ते आहे. का रे?"

"ते इथे होते. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर त्यांची कबर आहे."

"कबर?" काकांना आधी कबरीचाच धक्का बसला.

"लग्न केलं होतं इथे. नात आहे. माझ्या शाळेत येते."

"गोरी?"

"नाही."

"हे बघ," काका म्हणाले, "वहिनीला यातलं काही बोलू नकोस, तिचं बीपी आधीच वर आहे. आणि आजीचं काय सांगायचं लोकांना? नवरा जिवंत असताना आपल्या घरानं तिला सोवळी केली, असं छापायचं? सोड. तुला कुणी विचारलंय का?"

"रोज विचारतायत, काका. पत्राचं बाबांना माहीत होतं."

"मलाही माहीत आहे," काका म्हणाले. "माहीत सगळ्यांना असतं."

मी सोडलं. अमेरिका विभागाची माहिती वेळेत पाठवली. हर्नडनच्या चुलतभावाचं प्रमोशनसुद्धा त्यात लिहिलं. दामोदरपंतांच्या नोंदीचं प्रूफ तपासायला माझ्याकडे आलं तेव्हा 'तीर्थयात्रेस' या शब्दावर बरोबरची खूण केली. खूण माझ्या हातची आहे.

ऑक्टोबरमध्ये अर्णवच्या लहान बहिणीचं बारसं होतं, एडिसनला त्यांच्या घरी. सगळी शाळा बोलावली होती म्हणून मावशीही आल्या, जांभळ्याच कोटात, हातात स्वतः विणलेलं टोपडं. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं आणि त्यानंतर बाकीच्यांनी तिच्या पाठीत हलके धपाटे घालायचे असतात, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं. बाळाची आत्या नागपूरला. तिला व्हिसा मिळाला नव्हता. पाळण्यापाशी आता कोण, अशी चर्चा सुरू झाली तेव्हा मावशी पुढे झाल्या. "मी उभी राहू का? मला भाऊ नव्हता, मला कधी मिळालं नाही हे करायला." आणि स्वतःची पाठ थोपटून दाखवली. "ही पाठ मार खायला तयार आहे."

मुलं हसली. बाळाची आजी, नागपूरहून आलेली, हसली नाही. "आत्या रक्ताची लागते हो," ती मराठीत म्हणाली. "अशी कुणीही उभी करून कसं चालेल? आणि बाळावर कशाला उगीच..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

मावशींनी उजवा कान माझ्याकडे केला. "सर, काय म्हणाल्या?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "त्या म्हणतायत, नागपूरच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावणार आहेत," मी सांगितलं.

"अरे वा, मग छानच," मावशी म्हणाल्या आणि मागे भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. आयपॅड पाळण्यात ठेवला. आयपॅडच्या पाठीवर सगळ्यांनी हसत हसत धपाटे घातले. त्या खोलीत कुणाचीतरी रक्ताची आत्या होती, आणि ती हातातल्या घुगऱ्यांच्या पुरचुंडीसकट टाळ्या वाजवत होती.

दिवाळीनंतर मावशी शाळेत आल्या नाहीत. पोटात काहीतरी उठलं होतं, पसरलं होतं. मी एडिसनच्या एका शुश्रूषा केंद्रात त्यांना भेटायला गेलो. मुलांनी काढलेली कार्डं नेली होती. त्या बारीक झाल्या होत्या, पण पाकीट उशाशी होतं आणि परिचारिकेला, ती गुजरातेतली होती, त्यांनी गाव विचारलंही होतं. आजोबांच्या कबरीवर नवा दगड बसवलाय, त्यांनी सांगितलं. जुन्यावर नुसतं 'डॉम' होतं. नव्यावर पूर्ण नाव आहे, त्याखाली 'जन्मगाव', आणि त्यापुढे जागा मोकळी ठेवायला सांगितलीय. दगडवाला म्हणाला, बाई, मोकळी जागा वाईट दिसेल. "मी म्हटलं, दिसू दे. कुणीतरी येऊन भरेल."

मी खिडकीतून पार्किंगकडे बघत होतो.

"सर," त्या म्हणाल्या, आणि मग मराठीत, श्वास घेत घेत, "तुमचं गाव कुठलं?"

त्यांना काही संशय आला होता का, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलंय. आला नव्हता. आला असता तर मला थोडं हलकं वाटलं असतं. त्या सगळ्यांना विचारायच्या तसं त्यांनी मला विचारलं, ओळखीच्या माणसाला माणूस काय कसं काय म्हणून विचारतो तसं.

"पुणं," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"पुणं, मावशी."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "छान शहर असणार," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी गेल्या. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. शाळेतले आम्ही तिघेच होतो. प्रार्थनेच्या छापील पत्रकात शेवटी, मागे राहिलेल्या माणसांची यादी असते तशी होती: मुलगी रोंडा, अमुक भाचा, तमुक भाची. आणि त्याखाली, 'तसेच भारतातले त्यांचे आप्त, ज्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत.' त्यांनी आजारपणात स्वतः लिहून ठेवलं होतं म्हणे. आमच्या हिरव्या पुस्तकात त्यांना ओळभर जागा नव्हती. त्यांनी मात्र आम्हाला धरलं होतं.

घरी येऊन मी ईशाला सांगितलं. सगळं, पत्रापासून बटणापर्यंत. ती सोफ्यावर पाय वर घेऊन ऐकत होती.

"वेट. यू न्यू? होल टाइम?"

"हो."

"बाबा, शी यूज्ड टु स्टँड अप फॉर यू."

ती उठून खोलीत गेली, आणि आतून म्हणाली, "टर्न इट बॅक ऑन." मी बटण 'हो' केलं. मग रोंडाला पत्र लिहिलं. कारणं लिहिली नाहीत. काय केलं तेवढं लिहिलं. काकांनाही एक ईमेल पाठवली, नोंद दुरुस्त करा म्हणून. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: पुस्तक छापून झालं आहे. तर ती दुरुस्ती मी इथे करतोय. दामोदर विष्णू तीर्थयात्रेला गेले नव्हते. त्यांची बायको रमाबाई विधवा नव्हती. त्यांना इथे एक नात होती, आणि ती माझी आत्या.

रोंडाचा फोन चार दिवसांनी आला. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. ती ओरडली नाही. "पत्रात गावाचं नाव लिहिलं नाहीस," ती म्हणाली.

"लिहायला हवं होतं. मेसेज करतो."

"करू नकोस. ती तोंडानं विचारायची. तू येऊन तोंडानं सांग. शनिवारी."

शनिवारी मी शाळा रद्द केली. ईशा न विचारता गाडीत येऊन बसली. पर्थ अँबॉयची ती दफनभूमी उतारावर आहे, खालून नदी दिसते. आजोबांचा नवा दगड, शेजारी आत्याची ताजी माती. दगडावर नाव, खाली 'जन्मगाव', आणि पुढे मोकळी जागा. दगडवाल्याचं म्हणणं खरं होतं, फार वाईट दिसत होती. तो स्वतः थोडा बाजूला पेन्सिल आणि वही घेऊन उभा होता.

मी हात पुढे केला. रोंडानं तो घेतला नाही. तिनं आईचा जांभळा कोट घातला होता. खांद्यांत तिला तो घट्ट होत होता. खिशातून तिनं एक चिठ्ठी काढली, एकदा वाचली, परत ठेवली. मग मातीच्या त्या बाजूला उभी राहून, एकेक अक्षर मोजून, मला मराठीत विचारलं.

"तुमचं गाव कुठलं?"

मी सांगितलं. मातीकडे बघत, हळू. दगडवाल्यानं मान वर केली.

"मोठ्यानं," रोंडा म्हणाली. "तिला कमी ऐकू यायचं."

"कारवणे," मी म्हणालो.